बिनआवाजाची गाडी

मुकादमाच्या जुन्या मोटारसायकलला घरात 'भोंगा' म्हणत, आणि हे मुकादमाला ठाऊक नव्हतं. सायलेन्सरला भोक पडलेलं, मडगार्ड तारेने बांधलेलं, आणि आवाज असा की गल्लीतली कुत्रीसुद्धा तिच्या वाटेला जात नसत. शेजारीपाजारी कुरकुर करत. मुकादमाच्या बायकोने आणि दोन मुलींनी मात्र त्या आवाजाबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. एकदा नाक्यावरच्या मेकॅनिकने सायलेन्सर बदलून देतो म्हटलं, तेव्हा थोरल्या मुलीने त्याला असं काही झाडलं की तो बिचारा पुन्हा त्या दाराकडे फिरकला नाही.

त्या आवाजावर तिघींचा जीव टांगलेला होता. पाण्याच्या टाकीपाशी वळण, तिथून चढ, आणि चढ संपला की घराचं दार. वळणावर भोंगा वाजला की शर्टाची एक बाही जोडून दोरा तोडावा एवढा वेळ हातात असायचा. तेवढ्यात तिघी कामाला लागत. पुढच्या खोलीत आईचं शिवणकाम चालायचं. ती कापायची मोठी कात्री कापडाच्या गठ्ठ्यामागे सारायची. थोरली इस्त्रीची पिन ओढून तापलेली इस्त्री कपाटाच्या माथ्यावर, खालून दिसणार नाही अशी आत सरकवायची. शाळकरी धाकटी बूट चढवून मागच्या दाराने न्हाणीघराच्या छपरावर पसार व्हायची. आणि गिऱ्हाईक बसलेलं असेल तर आई हसून म्हणायची, "ताई, माप उद्या घेते हं. आज दोरा संपला." गिऱ्हाईकही मागच्या दारानेच बाहेर जायचं. मुकादम दारात पाय ठेवायचा तेव्हा घर त्याच्यासाठी रिकामं करून ठेवलेलं असायचं.

यातलं काहीच उगाच नव्हतं. आईच्या उजव्या हाताचं मधलं बोट वाकत नसे. ते मशीनच्या खणात धरून त्याने खण ढकलला होता. तिच्या खांद्यावर इस्त्रीच्या टोकाचा डाग होता, म्हणून इस्त्री कपाटावर जायची. थोरलीचा डावा कान एका थपडेत गेला होता, म्हणून तिची जागा उजवा कान रस्त्याकडे येईल अशी ठरलेली होती. कारण विचाराल तर कारण त्याला लागत नसे. दिवसभर लाकडाच्या वखारीत मालकापुढे मान डोलवायची, हमालांशी गोड बोलायचं, आणि पोटात साठलेलं सगळं संध्याकाळी घरी आणून ओतायचं, असा त्याचा हिशेब. बाहेर तोंडात साखर. कोपऱ्यावर मटणाचं दुकान चालवणारी खाटकीण आईला नेहमी म्हणायची, "नशीब काढलंस बाई. नवरा म्हणजे देवमाणूस तुझा. ती गाडीच काय ती बोंबलते." आई हसायची. त्या हसण्याची थोरलीला इतकी चीड यायची की तिचे दात आवळले जायचे, आणि मग तीही हसायची.

मग वखारीत आग लागली. लाकडाच्या भुशाची एक शेड बघता बघता खाक झाली आणि मालकाने हुकूम काढला की पेट्रोलची गाडी यापुढे फाटकाच्या आत येणार नाही. मुकादमाला फाटकापासून केबिनपर्यंत हमालांच्या डोळ्यांदेखत पायी जावं लागलं. त्याचा राग त्याने घरी आणला आणि त्या संध्याकाळी आईचा ओठ फाटला. तो फाटलेला ओठ घेऊन ती वाढत असताना तो जेवता जेवता म्हणाला, "बॅटरीची गाडी घ्यायची. धूर नाही, आवाज नाही, थेट केबिनच्या दारात लावता येते. रविवारी सगळ्या चला पसंत करायला."

आवाज नाही, हे ऐकून धाकटीचा घास हातातच राहिला. थोरलीने तिला टेबलाखालून पाय मारला, तेव्हा कुठे तो तोंडात गेला.

रविवारपर्यंत मायलेकींनी शिवता शिवता बराच खल केला. थोरलीने गिऱ्हाइकांकडून माहिती काढली. एका नर्सबाईकडे बॅटरीची स्कूटर होती. तिने कौतुकाने सांगितलं, "अगं, मी आले कधी तेच कुणाला कळत नाही. परवा सासूबाई नुसत्या दचकल्या." पण नर्सबाईनेच पुढे असंही सांगितलं की त्याच दुकानात एक लाल गाडी आहे, तिच्यात सीटखाली स्पीकर असतो. रस्त्यावरच्या माणसांना कळावं म्हणून ती मुद्दाम आवाज काढते.

"मग ती लालच घ्यायला लावायची," थोरली म्हणाली.

"तू सांगितलंस तर घेतील?" आईने विचारलं.

"सांगायचं नाही. दुसरीची तारीफ करायची."

आईला ते पटलं. बायकामुलींना आवडलेली वस्तू मुकादमाने जन्मात कधी घेतली नव्हती. कपाट, पंखा, भिंतीचा रंग, सगळ्याला त्यांनी नाक मुरडलेलं होतं आणि सगळं घरात होतं.

शोरूम मोठं काचेचं होतं, नव्या रबराच्या वासाचं. गाड्या तोंडं एका बाजूला करून ओळीत उभ्या होत्या. टाय लावलेला एक अर्धटकला सेल्समन हात चोळत पुढे आला. माणूस कामाचा होता. पहिल्यांदा बॅटरीची गाडी घेणारे फक्त वेग विचारतात, तिथेच फसतात, असं म्हणून त्याने रोज किती जायचं, वाटेत चढ आहे का, मागे कुणी बसणार का, बॅटरी घरात नेऊन चार्ज करणार की गाडी दाराशी लावून, असं एकेक विचारून घेतलं. सीटची उंची दाखवली, चाकं दाखवली. "आणि साहेब, एक ध्यानात ठेवा. हिला पायात काही नाही. दोन्ही ब्रेक हातात. मोटारसायकलवाले सुरुवातीला पाय आपटत बसतात." मुकादम दिलखुलास हसला. बाहेर तो छान हसायचा.

पांढऱ्या गाडीवर बसून त्याने एक फेरी मारली. गाडी फरशीवरून गेली आणि परत आली, आणि पाठ करून उभ्या असलेल्या थोरलीला ती आपल्या मागे येऊन थांबली आहे हे तिचं पुढचं चाक पोटरीला लागल्यावर कळलं. ती दचकून बाजूला झाली. तरी तिने तोंडभर हसून म्हटलं, "बाबा, हीच घ्या ना. किती छान आहे. चालू आहे की बंद तेसुद्धा कळत नाही."

"शांत आहे," आईने री ओढली. "मलाही हीच आवडली."

मुकादमाच्या कपाळावर आठी चढली. "शांत. मला गाडी घ्यायची आहे की पाळणा?" सेल्समन हसला, तसा त्याला आणखी चेव आला. "मुकादम आलाय हे माणसांना कळायला नको? वाट कशी सोडतील? आवाजाची दाखवा, आवाजाची."

थोरलीने खाली बघितलं. चेहऱ्यावरचा आनंद लपवायला फरशीइतकी चांगली जागा तिला दिसली नाही.

सेल्समनने त्याला लाल गाडीवर बसवलं आणि स्वतः मागे जाऊन उभा राहिला. हिच्यात तीन आवाज आहेत, हवा तो लावून घ्या, म्हणाला. पहिला आवाज डासासारखा. मुकादमाने तोंड वाकडं केलं. दुसरा खेळण्यातल्या विमानाचा, त्यावर तो चक्क हसला. "तिसरा खास तुमच्यासारख्या जुन्या गाडीवाल्यांसाठी," सेल्समन म्हणाला. "थांबा, पूर्ण मोठा करतो."

त्याने सीटखालचं बटण दाबलं आणि काचेच्या त्या खोलीत भोंगा वाजला.

पुढचं कुणी ठरवून केलं नाही. आईचा हात काउंटरवर गेला. तिथली खोकी कापायची कात्री तिने उचलली आणि माहितीपत्रकांच्या गठ्ठ्यामागे सारली. थोरलीने कोपऱ्यातल्या चहाच्या किटलीची पिन ओढली, वाफाळती किटली लोखंडी कपाटाच्या माथ्यावर नेऊन ठेवली आणि आत ढकलली. धाकटी होती तिथे नव्हती. आणि बाजूला हेल्मेट बघत असलेल्या एका अनोळखी बाईकडे वळून आई हसत म्हणाली, "ताई, माप उद्या घेते हं. आज दोरा संपला."

सेल्समनने बटण बंद केलं.

"कसलं माप?" हेल्मेटवाल्या बाईने विचारलं.

कपाटावरून किटलीची वाफ वर जात होती. दोन गाड्यांच्या मधून धाकटीच्या बुटाचं टोक दिसत होतं.

मुकादम मूर्ख असता तर बरं झालं असतं. पण हा माणूस ओंडक्यावर हातोडी मारून नुसत्या आवाजावरून आतली भेग ओळखायचा. लाल गाडीवर बसल्या बसल्या त्याने किटलीकडे पाहिलं, मग माहितीपत्रकांच्या गठ्ठ्याकडे, मग बुटाकडे. घाई केली नाही. घराच्या कपाटावर इस्त्रीच्या बुडाएवढा काळा डाग का पडलाय, हे त्याने मागे विचारलं होतं, आणि थोरलीने काहीतरी थाप मारली होती. ते सगळं आता त्याच्या चेहऱ्यावर एकेक करून जागेवर बसताना तिला दिसलं. मग तो सेल्समनकडे वळून हसला.

"पोरींना जुन्या गाडीची फार सवय हो," तो म्हणाला. "ती पांढरी द्या. बिनआवाजाची."

घरी आल्यावर त्याने दार लावलं, कडी घातली, पट्टा काढून हाताला गुंडाळला आणि खुर्ची ओढून मधोमध बसला. जुन्या गाडीला काय म्हणता, असं त्याने आधी धाकटीला विचारलं. तिने सांगितलं नाही, म्हणून तिला पट्ट्याने मारलं. मग तिने सांगितलं.

"भोंगा," तो म्हणाला. "छान. आता मी भोंगा वाजवतो. तुम्ही काय करता ते मला दाखवा."

त्याने तोंडाने घुर्र आवाज काढला. तिघी जागच्या हलल्या नाहीत, तर पट्टा आईच्या मानेवर बसला. मग त्या हलल्या. कात्री गठ्ठ्यामागे, इस्त्री कपाटावर, धाकटी मागच्या दाराकडे. "परत," तो म्हणाला. कात्री पुन्हा बाहेर, इस्त्री पुन्हा खाली, घुर्र. जी मागे राहील तिच्यावर पट्टा. थोरलीला ऐकू कमी, म्हणून तिच्यावर जास्त. आईला गिऱ्हाइकाचं वाक्यही म्हणायला लावलं, रिकाम्या स्टुलाकडे बघून, हसून. हसणं नीट जमलं नाही तेव्हा त्याने तिच्या तोंडावर बकलाची बाजू मारली, आणि तिने रक्ताळल्या तोंडाने पुन्हा हसून दाखवलं. खेळ त्याचा हात दुखेपर्यंत चालला. थोरलीला माराचं फारसं काही वाटलं नाही, मार नेहमीचाच होता. पण तिघींनी इतकी वर्षं जपलेली एकमेव गोष्ट त्याने त्यांच्याकडूनच नाचवून घेतली, ते तिच्या काळजात रुतून बसलं.

मग पांढरी गाडी दाराशी आली.

ती येते कधी हे खरोखरच कळत नसे. पहिल्या दिवशी आई मशीनवर गुणगुणत होती आणि मानेवर श्वास लागला म्हणून तिने वळून पाहिलं. तिचं डोकं भिंतीवर आपटून तो म्हणाला, "चालू दे, चालू दे. थांबलीस का?" त्याला नव्या गाडीची चटकच लागली. आता तो दुपारीही यायचा, जेवायच्या सुट्टीत, काही काम नसताना. दार ढकलून आत, जी हाताला लागेल तिला दोन ठेवून द्यायच्या, पाणी प्यायचं, परत. पूर्वी दिवसातला थोडा वेळ भीतीचा असायचा आणि उरलेला त्यांचा. आता सगळाच दिवस भीतीचा झाला. धाकटी दिवसभर बूट घालून वावरायची, झोपतानाही काढायची नाही. तिने पुढच्या दाराला एक घंटी बांधली होती. ती त्याने उपटून तिच्या डोक्यात मारली आणि वर टाकेही तिच्या आईलाच घालायला सांगितले, घरात शिंपीण असताना डॉक्टर कशाला म्हणून. आईने ते घातले नाहीत. ती पोरीला घेऊन मागच्या दाराने दवाखान्यात गेली, आणि परत आल्यावर त्याचेही भोग तिला भोगावे लागले.

पहिले काही दिवस त्यांनी कात्री आणि इस्त्री कायमची लपवून ठेवायचा प्रयत्न केला. पण कात्रीशिवाय कापायचं कसं आणि इस्त्रीशिवाय कॉलर बसवायची कशी? कामं तुंबली, गिऱ्हाइकं दोन शब्द सुनावून जाऊ लागली. एका सकाळी आईने गठ्ठ्यामागून कात्री काढली आणि टेबलावर धाडकन ठेवली.

"आता राहू दे बाहेर," ती म्हणाली. "रोज कुठवर लपवायची? मारतील ते मारतीलच. निदान कपडे तरी वेळेवर जाऊ देत लोकांचे."

तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं, खरंच नव्हतं. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट बदलली, आणि ती ना तिच्या ध्यानात आली ना त्याच्या. भोंगा गेल्यापासून गिऱ्हाइकांना मागच्या दाराने घालवायला वेळच मिळत नव्हता. इतकी वर्षं त्याने घरात काय केलं ते कुणी पाहिलं नव्हतं, कारण त्याचीच गाडी टाकीपासून ओरडत येऊन माणसं बाहेर काढायची. घर रिकामं मिळायची त्याला इतकी सवय झाली होती की ते कोण रिकामं करतं, याचा त्याने शोरूममध्ये सगळं कळल्यावरही विचार केला नाही.

त्या दुपारी खाटकीण कोट घालून बघायला आली होती. बाई उंच, दंड माणसाच्या मांडीएवढे, अर्धं जनावर खांद्यावर टाकून दुकानाच्या पायऱ्या चढणारी. खोलीच्या कोपऱ्यात पडदा लावून आईने कपडे बदलायची जागा केली होती, त्याच्या आड ती अर्धवट टाचलेला कोट अंगात घालून, टाचण्या टोचतील म्हणून श्वास रोखून उभी होती. आई मशीनवर दुसऱ्या बाहीला अस्तर लावत होती. धाकटी शाळेत होती. थोरली आत इस्त्रीच्या टेबलापाशी, हातात तापलेली इस्त्री.

मुकादम आत आला तेव्हा मशीन चालू होतं, त्यामुळे पावलांचाही आवाज आला नाही. त्याला दिसली ती वाकलेली आईची पाठ. त्याने तिचे केस मुठीत धरले आणि तोंड मशीनच्या लोखंडावर आपटलं. एकदा, मग जरा जास्त जोरात. तिचे दात वाजले. मग त्याने तिचा उजवा हात मनगटाशी धरून सुईखाली सरकवला आणि दुसरा हात मशीनच्या चाकावर ठेवला.

"काय गं," तो अगदी हळू, लाडात म्हणाला. "आज दोरा नाही संपला?"

त्याने चाक फिरवलं. घाई नाही, हळूहळू, सुई कुठे जाते ते तिला दिसावं म्हणून. ती तिच्या न वाकणाऱ्या बोटाच्या नखातून आत गेली. आईने ब्र काढला नाही. आवाज केला की तो जास्त मारतो, हे त्या घरात धाकटीलाही माहीत होतं.

थोरलीने हे दारातून पाहिलं. हातात इस्त्री होती आणि समोर बाप होता, आणि सवयीने तिचे पाय आधी कपाटाकडे वळले. तिने इस्त्री वर उचललीसुद्धा. कपाटाच्या माथ्यावरचा तो काळा डाग तिला दिसला. मग ती वळली, मशीनपाशी गेली आणि चाकावर ठेवलेल्या त्याच्या उजव्या हातावर तिने इस्त्री ठेवली, जाड कापडाच्या कॉलरवर ठेवतात तशी, दोन्ही हातांनी, अंगाचा भार देऊन.

मुकादम किंचाळला. हात ओढायला गेला तर ती इस्त्रीसकट त्याच्यामागे सरकली आणि सालपट निघेपर्यंत तिने दाब सोडला नाही. मग त्याची डावी मूठ तिच्या जबड्यावर बसली आणि ती टेबलाचा कोपरा घेत खाली कोसळली. तो तिच्या पोटात लाथ मारायला पाय उचलतोय, तेवढ्यात पडदा बाजूला झाला.

खाटकिणीने काही विचारलं नाही. तिने सगळं पाहिलं होतं. पडद्याला फट होती आणि पहिल्या दणक्यालाच तिने तिथे डोळा लावला होता, आणि आपण बघतोय ते खरं की काय हे कळायलाच तिला एवढा वेळ लागला होता. तिने एका हाताने त्याचं मानगूट धरलं, दुसऱ्याने कमरेचा पट्टा, उचललं आणि फरशीवर पालथं आपटलं. पाठीवर गुडघा ठेवला. कोटातल्या टाचण्या तिच्या दंडात घुसल्या होत्या आणि बाहीवर रक्ताचे ठिपके उमटत होते.

"ताई," तो फरशीत तोंड घालून म्हणाला, अजूनही तोच बाहेरचा गोड आवाज. "घरातली गोष्ट आहे हो. तुम्ही मध्ये पडू नका."

"देवमाणूस," ती म्हणाली. तिने त्याचे केस धरून त्याचं तोंड वर उचललं आणि खाली आपटलं. नाक फुटल्याचा आवाज झाला. तिने पुन्हा उचललं, पुन्हा आपटलं. तिसऱ्या वेळी आईने मोकळा डावा हात तिच्या खांद्याला लावला नसता तर ती थांबली नसती.

त्याची किंकाळी टाकीच्या वळणापर्यंत गेली, असं लोक मागाहून म्हणाले. दाराशी माणसं जमली. या वेळी त्यांना मागच्या दाराने कुणी घालवलं नाही. सगळे पुढच्या दारातून आत आले आणि ज्याला जे बघायचं होतं ते त्याने बघितलं. आईचा हात मशीनमध्ये तसाच अडकलेला होता. थोरलीने उठून चाक उलटं फिरवलं, अगदी सावकाश, आणि सुई बोटातून वर काढली.

"इस्त्री उचल," आई पहिल्यांदा बोलली. "कापड जळतंय."

पोलिस आले, मुकादमाला घेऊन गेले. खाटकिणीने जबाब दिला तेव्हा ती मध्येच थांबून आईला म्हणाली, "मी तुला किती वेळा सांगितलं गं, नशीब काढलंस म्हणून. तू हसायचीस." आणि तिला रडू कोसळलं. गल्लीत त्या बाईला रडताना कुणी पाहिलं नव्हतं.

खटला अजून चालू आहे. मुकादम जामिनावर सुटला तो थेट त्याच्या भावाकडे गेला. वखारीत त्याला परत घेतलं नाही. त्याच्या उजव्या हाताची कातडी आखडली आणि बोटं मिटेनाशी झाली. पांढरी गाडी त्याने मागितली नाही, कारण मागून उपयोग नव्हता. तिचे दोन्ही ब्रेक हातात होते.

गाडी थोरली चालवायला शिकली. टाकीपाशीच्या मोकळ्या जागेत एकदा पडली, एकदा भिंतीला धडकली, मग जमलं. शिवलेले कपडे ती आता घरोघरी पोचवते. टाकीच्या वळणावर आली की ती दोन वेळा हॉर्न वाजवते, रस्ता रिकामा असला तरी. गल्लीतले हसतात, गाडीपेक्षा हॉर्नच जास्त चालवते म्हणतात. घरात येणाऱ्या माणसाने आपण येतोय हे आधी कळवावं, असं तिला वाटतं, आणि ते ती कुणाला समजावत बसत नाही.

परवा ती विसरली. मागे कपड्यांचं मोठं गाठोडं होतं, ते घसरेल या काळजीत वळण कधी गेलं ते कळलंच नाही. दाराशी गाडी लावली, गाठोडं छातीशी धरलं आणि खांद्याने दार ढकललं.

दारामागे आई उभी होती, दोन्ही हातांनी इस्त्री डोक्याच्या वर धरून. तिच्या शेजारी धाकटी होती, बूट घातलेली, मूठ वळून कात्री पकडलेली, टोक समोर. तिच्या चेहऱ्यावर भीती अजिबात नव्हती. थोरलीला आपल्या धाकट्या बहिणीचा हा चेहरा माहीत नव्हता, आणि तो बघून तिला बरं वाटावं की रडू यावं, ते तिला कळेना.

कुणीच हललं नाही. इस्त्रीची उष्णता थोरलीच्या कपाळाला लागत होती.

मग आईने हात खाली घेतले.

"हॉर्न वाजवायला काय झालं होतं?" ती म्हणाली, आणि टेबलावर अर्धवट राहिलेल्या कॉलरकडे वळली.